पावसाळ्यात आठ आठवड्यांचं गावठी पिल्लू घरी येतंय, आमची तयारी तपासून द्याल का?

शाल्मली_३०२

पुढच्या शनिवारी आमच्याकडे एक गावठी पिल्लू येतंय. मादी आहे, आज सात आठवड्यांची, वजन २.६ किलो. सध्या आई आणि तीन भावंडांसोबत एका ताईंच्या घरी आहे. सहाव्या आठवड्यात पहिली लस झाली आहे, जंताचं औषध दिलं आहे असं त्या म्हणाल्या. खाणं दूध-पोळी आणि जोडीला थोडं ड्रायफूड.

घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूम आणि एक ग्रीलची गॅलरी. आम्ही दोघं नोकरी करतो, मुलगी नऊ वर्षांची, सासूबाई ७१ वर्षांच्या आणि दिवसभर घरी. त्या शाकाहारी असल्यामुळे स्वयंपाकघरात अंडं-मांस शिजत नाही. पहिला आठवडा मी रजा टाकली आहे.

आणून ठेवलेल्या वस्तू: मऊ गादी, चामडी गळपट्टा, स्टीलची दोन भांडी, पिल्लांची दूध पावडर, कॅल्शियमचं सिरप, गोचिडांची पावडर, शाम्पू.

आता शंका. पहिल्या मजल्यावरचं एक पिल्लू तीन महिन्यांपूर्वी पार्व्होने (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) गेलं. त्यामुळे शेजारी सांगतात की सगळ्या लशी होईपर्यंत, म्हणजे चार महिन्यांची होईपर्यंत, हिला दाराबाहेर नेऊच नका. दुसरीकडे वाचलं की याच वयात बाहेरचं जग दाखवलं नाही तर कुत्रं आयुष्यभर बुजरं राहतं. दोन्ही कसं जमवायचं? शी-शूची सवय गॅलरीत लावावी का? रात्री कुठे झोपवायचं? खरेदीत काय राहिलं?

खूर_आणि_पंजा

पशुवैद्यक म्हणून लिहितो. आधी खरेदीबद्दल.

दूध पावडर परत करा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाची गरज नसते. आईचं दूध सुटत जातं तसं दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होत जाते, आणि गायी-म्हशीचं दूध वाटीभर दिलं की जुलाब लागतात. पावसाळ्यात जुलाब लागले की ते दुधाचे, जंतांचे की पार्व्होचे हे ओळखण्यात मोलाचे तास जातात. कॅल्शियमचं सिरपही परत करा. पिल्लांसाठीच्या संपूर्ण आहारात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं आणि पिल्लाच्या आतड्याला जादाचं कॅल्शियम नाकारता येत नाही. हाडं मजबूत होण्याऐवजी त्यांच्या वाढीचं गणित बिघडतं. गोचिडांची पावडर तर नकोच, पिल्लं अंग चाटतात आणि पावडर पोटात जाते. शाम्पू राहू द्या, पण पहिले पंधरा दिवस कपाटात. अंग घाण झालं तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा.

आता पार्व्हो. हा विषाणू अतिशय चिवट आहे. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून बाहेर पडला की जिन्यात, कुंडीच्या मातीत, फरशीच्या सांध्यात कित्येक महिने तग धरतो. तीन महिने म्हणजे फार काळ लोटला असं मुळीच समजू नका. तुमच्या घरात तो येईल चपलांच्या तळव्याने, मोलकरणीच्या पायाने, पार्सलच्या खोक्याच्या बुडाने. पांढरं फिनेल त्याला मारत नाही. वास येतो म्हणून जंतू मेले असं आपल्याला वाटतं, इतकंच.

मारतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दुकानात मिळणारं साधारण ४ ते ५ टक्क्यांचं असतं. एक लिटर पाण्यात ३० ते ३५ मिली, म्हणजे दोन मोठे चमचे भरून. पद्धत महत्त्वाची आहे. आधी साबणाच्या पाण्याने फरशी घासून मळ काढायचा, कारण मळ राहिला तर ब्लीच त्याच्यावरच खर्च होऊन जातं. मग ब्लीचचं पाणी पसरून दहा मिनिटं फरशी ओली राहू द्यायची, आणि मग साध्या पाण्याने दोनदा पुसायचं. पाण्यात मिसळून ठेवलेलं ब्लीच दुसऱ्या दिवशी तितकं कामाचं राहत नाही, रोज ताजं करा. टॉयलेटच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. तुमच्या दारासमोरची जागा आणि तुमच्या मजल्यावरचा जिना पिल्लू येण्याच्या आदल्या दिवशी असा धुवून घ्या. गॅलरीत जुन्या कुंड्या असतील तर त्यांखालची जागाही. चपला दाराबाहेरच, घरात फक्त घरातल्या सपाता.

लशीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. पहिली लस झाली म्हणजे संरक्षण मिळालं असं नसतं. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिकारशक्ती मिळते आणि ती रक्तात असेपर्यंत लशीलाच निकामी करते. ती कधी उतरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, कुणात आठव्या आठवड्यात, कुणात चौदाव्यात. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यायची, आणि शेवटची मात्रा पिल्लू सोळा आठवड्यांचं झाल्यावरच. हिच्यासाठी हिशेब असा बसतो: दुसरी दहाव्या आठवड्याच्या आसपास, तिसरी तेराव्या आठवड्यात, चौथी सोळा-सतराव्या आठवड्यात. बाराव्या आठवड्यात तिसरीच मात्रा शेवटची म्हणून थांबवली जाते आणि पाचव्या महिन्यात तेच पिल्लू पार्व्होने दवाखान्यात येतं, ही चूक फार होते.

पावसात उंदीर-घुशींचं मूत्र साचलेल्या पाण्यात उतरतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग होतो. त्याच्या लशीच्या दोन मात्रा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लागतात. हिला मिळालेल्या लशीत तो भाग होता का हे कार्डावरचं स्टिकर पाहून कळेल, म्हणून तोंडी माहितीवर भागवू नका, कार्ड हातात घ्या. रेबीजची लस बारा आठवडे पूर्ण झाल्यावर, म्हणजे तेराव्या आठवड्याच्या भेटीतच होऊन जाईल.

जंताचं औषध दोन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजन घरी करायला शिका: आधी तुम्ही एकट्या काट्यावर, मग पिल्लाला घेऊन, दोन्हींतला फरक ते तिचं वजन. औषधानंतर विष्ठेत शिजवलेल्या शेवयांसारखे जंत दिसले तर घाबरू नका, औषध लागू पडलं. पण ती विष्ठा लगेच उचला. गोल जंतांची अंडी बाहेर पडल्यावर रोगकारक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे रोज उचललेल्या विष्ठेतून मुलीला धोका जवळजवळ राहत नाही. हात साबणाने धुणं मात्र न चुकता.

गोचिडांसाठी रोज रात्री बोटांनी तपासा: कानाच्या आतली घडी, पट्ट्याखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. सापडली तर चिमट्याने कातडीला लागून पकडून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, जळती उदबत्ती यांतलं काही नाही. आठ आठवड्यांनंतर आणि दोन किलोंच्या पुढे चालणाऱ्या गोळ्या आहेत. तिचं वजन त्यात बसेल, पण ते तुमचे डॉक्टर तपासून ठरवतील.

डिजिटल थर्मामीटर आणि व्हॅसलीनची डबी आणा. ताप गुदद्वारातूनच मोजायचा, सेंटिमीटरभर आत. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०३.५ च्या वर किंवा ९९ च्या खाली गेलं तर फोन नको, थेट दवाखाना. दोनदा उलटी आणि त्यासोबत खाणं बंद, रक्ताळ किंवा कुजकट वासाचे जुलाब, हिरड्या गुलाबीच्या पांढऱ्या होणं, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. या वयाच्या पिल्लाकडे साठा नसतो, बारा तास पोट रिकामं राहून वर उलट्या असतील तर रक्तातली साखर कोसळते. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, ते आजच शोधून नंबर फ्रीजवर लावून ठेवा.

पहिली भेट घरी आल्यापासून दोन-तीन दिवसांत. विष्ठेचा नमुना छोट्या डबीत. आणि दवाखान्यात पिल्लू मांडीवरून खाली उतरू द्यायचं नाही, तिथली फरशी आणि बाकडं सगळ्यांत धोक्याची.

तात्पुरतं_घर

दत्तक जाईपर्यंत पिल्लं सांभाळणं हे रोजचं काम आहे, त्यामुळे घराच्या आतल्या गोष्टी सांगते.

आधी त्या ताईंना पाच गोष्टी विचारा: ड्रायफूड नक्की कुठलं, दिवसाला किती वेळा, शेवटचं जंताचं औषध कुठलं आणि कोणत्या तारखेला, पिल्लं शी-शू कशावर करतात (माती, सिमेंट, कागद, गोणपाट), आणि भावंडांसोबत झोपतात त्या चादरीचा एक तुकडा मिळेल का. शी-शूचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. पिल्लाच्या पायांना पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून ठरावीक पृष्ठभागाची सवय लागलेली असते. ते गोणपाटावर जात असेल तर तुमच्या गॅलरीतही पहिले पंधरा दिवस गोणपाटच हवा. नाहीतर ते त्यातल्या त्यात तसंच लागणारं काहीतरी शोधतं आणि तुमचं पायपुसणं सापडतं.

गॅलरी चालेल, पण आधी दोन कामं. ग्रीलच्या दोन गजांतून तुमची मूठ जात असेल तर पिल्लाचं डोकंही जातं. खालून दोन-अडीच फूट चिकन जाळी आतल्या बाजूने बांधून घ्या, तारांची टोकं बाहेर वळवून. दुसरं, पावसाची झड येते तो कोपरा सोडा किंवा ताडपत्री लावा. ओल्या कागदावर पिल्लू पाय ठेवत नाही, आणि मग घरातली कोरडी फरशी त्याला बरी वाटते.

जागा एकच, साधारण दोन बाय तीन फूट. पाच-सहा कागदांचा थर. बदलताना शूचा वास असलेला एक कागद सर्वांत खाली ठेवायचा. न्यायची वेळ घड्याळापेक्षा पिल्लावरून ठरते: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत, खेळता खेळता मध्येच. जागं असताना सुरुवातीला तासातासाला. खूण अशी की खेळणारं पिल्लू एकदम खेळ सोडतं, नाक जमिनीला लावतं आणि लहान लहान गोल फिरायला लागतं. हे दिसल्यावर पाच-सहा सेकंद असतात. उचलायचं, जागेवर ठेवायचं आणि आपण गप्प उभं राहायचं. झालं की त्याच क्षणी तोंडात तुरीच्या डाळीएवढा पनीरचा तुकडा. घरात परत येऊन दिलात तर बक्षीस घरात आल्याचं ठरतं, शू केल्याचं नाही.

चूक झाली तर नाक घासणं, रागावणं नको. पिल्लू यातून एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, आणि मग सोफ्यामागे जाऊन करतं. पुसताना आधी कागदाने टिपून घ्या, मग एन्झाइमचं क्लीनर (शूचा वास घालवणारं). ब्लीच शूवर थेट ओतू नका, तिथेही घातक वायू होतो. डॉक्टरांनी सांगितलेली क्रिया धुतलेल्या फरशीवर करायची.

खाण्यात सासूबाईंच्या स्वयंपाकघराला हात लावायची गरज नाही. पिल्लांसाठीचं संपूर्ण ड्रायफूड घ्या, पिशवीवर प्रथिनं निदान २२ टक्के दिसली पाहिजेत. घरचा वरण-भात, दही-पोळी यावर वाढणाऱ्या पिल्लाचं भागत नाही. पोट भरतं, पण प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतात, आणि चौथ्या महिन्यात पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले दिसतात. तीन किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम, चार वेळांत विभागून, म्हणजे एका वेळी २५ ते ३०. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा, मूठ आणि वाटी प्रत्येकाची वेगळी. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्यायचं आणि वीस-पंचवीस मिनिटांत उरलेलं उचलायचं, पावसाळी हवेत ते लगेच आंबतं. मुंग्या येत असतील तर भांडं पाण्याच्या ताटलीत ठेवा. पिशवीचं तोंड उघडं राहिलं तर ओलीने बुरशी धरते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्याभरात संपेल एवढीच पिशवी आणा.

पहिले तीन दिवस मात्र ताईंकडचंच खाणं, दूध वगळून पाण्यात कालवलेलं. घर बदललं, आई सुटली, त्यात खाणंही बदललं तर पोट बिघडणारच. चौथ्या दिवसापासून नवं पाव भाग, दोन दिवसांनी अर्धं, मग पाऊण, दहाव्या-अकराव्या दिवशी पूर्ण नवं.

आता घर. संध्याकाळी एकदा गुडघ्यांवर बसून सगळ्या खोल्यांतून फिरा, फूटभर उंचीवरून दिसेल ते सगळं तिच्या तोंडात जाणार आहे. मोबाइलच्या वायरी, झुरळांचा खडू, उंदराचं औषध, डासांची वडी, कपाटातल्या डांबरगोळ्या हे कुणीही सांगेल. राहून जातं ते देवघर. कापूर कुत्र्यांना विषारी आहे. प्रसादाच्या वाटीतले मनुके-बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. खाली ठेवलेल्या निरांजनातली तुपाची वात हमखास गिळली जाते. देवघर जमिनीलगत असेल तर ते पिल्लाच्या उंचीच्या वर न्या किंवा समोर फाटक लावा. सासूबाईंच्या गोळ्या ताटलीत काढून ठेवायची सवय असेल तर त्या टेबलाच्या मध्यावर. माणसांची तापाची-दुखण्याची गोळी पिल्लाला अर्धीसुद्धा द्यायची नाही. गजऱ्याचा दोरा, शिवणाचा दोरा, मुलीचे केसांचे रबर हे आतड्यात अडकतात. या दिवसांत भाजलेल्या कणसाचा दाणे खाऊन उरलेला दांडा आणि आंब्याची कोय, दोन्हींमुळे थेट पोट फाडायची वेळ येते. कांदा-लसूण, चॉकलेट, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल नाही म्हणजे नाही. गॅलरीत सायकस किंवा कण्हेर असेल तर ती कुंडी आजच दुसऱ्याला देऊन टाका.

व्हिट्रिफाइड फरशीवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात. ती धावणार त्या वाटेवर जुनी सतरंजी किंवा योगाच्या चटया अंथरा, खाली रबराची जाळी म्हणजे सरकणार नाहीत. सासूबाईंसाठी गळपट्ट्याला एक बारीक घुंगरू बांधा. ७१ व्या वर्षी पायात पिल्लू आलं तर पडून खुबा मोडायला वेळ लागत नाही, आवाज आला की त्या पाऊल थांबवतील. रात्री काढून ठेवा. चामडी पट्टा पावसात कडक होतो आणि मान सोलते. नायलॉनचा हलका घ्या, खालून दोन बोटं जातील इतका सैल, दर आठवड्याला तपासायचा, कारण मान भराभर वाढते. त्यावर फोन नंबरची पट्टी पहिल्याच दिवशी.

रात्री: तुमच्या पलंगाला लागून एक मोठं खोकं, एक बाजू चार-पाच इंच ठेवून कापलेली, आत चादरीचा तो तुकडा. तुमचा हात खाली सोडला की तिला लागला पाहिजे. वेगळ्या खोलीत बंद करून ‘रडून रडून गप्प होईल’ हा सल्ला ऐकू नका. आठ आठवड्यांचं पिल्लू एकटं पडलं की त्याच्या लेखी ते हरवलेलं असतं. रात्री दोन आणि पाचचा गजर लावा, मोठा दिवा न लावता, न बोलता गॅलरीत न्यायचं, परत खोक्यात. दोन-तीन आठवड्यांत दोनचा गजर बंद होतो.

नवी गादी तूर्त ठेवून द्या. दात शिवशिवणाऱ्या पिल्लाच्या पोटात तिचा कापूस जातो.

पाऊलवाट

बाहेर नेण्याच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कुत्र्यांना शिकवणं हे माझं काम.

तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचा मेंदू नव्या गोष्टींना ‘हे चालतं’ असा शिक्का मारत असतो. त्यानंतर तोच मेंदू अनोळखी गोष्टीला आधी धोका मानतो. लशी संपणार सोळा-सतराव्या आठवड्यात, हा काळ संपणार त्याच्या आधी. चार महिन्यांची होईपर्यंत दार बंद ठेवलंत तर पार्व्होपासून वाचलेलं कुत्रं छत्री, हेल्मेट आणि लहान मुलं पाहून भुंकणारं, चावणारं होतं, आणि पुढे अशीच कुत्री रस्त्यावर सोडली जातात.

पण डॉक्टरांचं म्हणणं खोडायची गरज नाही. नियम एवढाच ठेवा: सोळा आठवड्यांपर्यंत तिचे चारही पाय सार्वजनिक जमिनीला लागायचे नाहीत. डोळे, कान आणि नाक मात्र रोज बाहेर जायचे. बाळासाठी वापरतात तशी झोळी किंवा पुढे अडकवायची पिशवी घ्या. रोज एकदा दहा-पंधरा मिनिटं. फाटकाशी उभं राहून रिक्षा, भाजीची गाडी, कचरागाडीचं गाणं, रेनकोट घातलेला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा. दिवसाला नवीन गोष्टी दोन, फार तर तीन. प्रत्येक वेळी ती बघते आहे तोवर पनीरचा कण. कान मागे पडले, जांभया सुरू झाल्या, पनीर तोंडात घेईना, तर अंतर वाढवा किंवा घरी परत या. घाबरलेल्या पिल्लाला त्याच जागी धरून ठेवलं तर सवय लागत नाही, भीती पक्की होते.

लशी पूर्ण झालेला, शांत स्वभावाचा ओळखीचा कुत्रा तुमच्या घरी बोलवा, तेही चालतं. सोसायटीच्या बागेतली माती नको.

घरात रोज पाच मिनिटं: पंजा हातात धरणं, कान उलटा करून पाहणं, ओठ वर करून दात बघणं, टॉवेलने पाय पुसणं. हे आत्ता गोड वाटलं तर पुढे नखं कापणं आणि इंजेक्शन सोपं जातं.

आवाजाची तयारी आत्ताच सुरू करा. गणपती येतील तेव्हा ती चार महिन्यांची आसपास असेल आणि पुण्यातल्या ढोल-ताशाला दार-खिडक्या अडवत नाहीत. ती जेवत असताना मोबाइलवर ढोलाचं रेकॉर्डिंग लावा, इतकं हळू की कान हलतील पण खाणं थांबणार नाही. चार दिवस तेवढंच, मग एक रेघ वर. खाणं थांबलं तर एक रेघ मागे. फटाक्यांचंही असंच, दिवाळीला अजून हातात महिने आहेत.

मुलीसाठी तीन नियम कागदावर लिहून भिंतीला लावा. उभ्याने उचलायचं नाही, जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यायचं. झोपलेली असताना आणि जेवताना हात लावायचा नाही. चावली तर ओरडून पळायचं नाही, हात सैल सोडून झाडासारखं उभं राहायचं आणि खेळणं पुढे करायचं. या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. संध्याकाळी सातला ते वेड्यासारखं चावत सुटतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला झोप आलेली असते, आणि आपण समजतो की त्याला आणखी खेळायचं आहे.

शाल्मली_३०२

सगळ्यांचे मनापासून आभार. पावडर, सिरप उद्या परत करते. देवघर खरंच जमिनीलगत आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं.

आणखी तीन प्रश्न. पिल्लाचे दात खेळताना मुलीला लागणारच. रेबीजची लस तर तेराव्या आठवड्यात. तोवर काय? लिफ्टमधून नेऊ नका असं सचिव म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि शनिवारी आणायचं कसं, रिक्षाने पाऊण तास लागतो.

खूर_आणि_पंजा

दाताचा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, हा बहुतेक घरांत हसण्यावारी जातो.

पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज नसतो, असं नाही. आईला रस्त्यावर चावा झालेला असू शकतो, पिल्लालाही, आणि लागण झाल्यावर लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने जातात. म्हणून आधी त्या ताईंना विचारा: आईला रेबीजची लस केव्हा झाली, पिल्लं जन्मापासून घरातच आहेत की रस्त्यावरून उचललेली, मधे कुठल्या भटक्या कुत्र्याशी झटापट झाली का.

दात किंवा नख लागून कातडी सोलवटली, रक्त आलं नाही तरी, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. मग त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे. इंजेक्शनं लागतील का हे ते जखम आणि पिल्लाचा इतिहास पाहून ठरवतील. दंडात घ्यायची असतील तर दिवस असतात ०, ३, ७, १४ आणि २८. सरकारी दवाखान्यात ही लस मिळते. लस चावा होण्याआधीही घेता येते, त्याबद्दल मुलीच्या डॉक्टरांशी बोला. पिल्लू चाटलं आणि कातडी अखंड असेल तर धुणं पुरे.

आणखी एक, पावसाळ्यात गॅलरीत किंवा तळमजल्यावर मोठे भेक (खरबरीत कातडीचे बेडूक) येतात. पिल्लाने तोंडात धरला तर त्याच्या अंगातल्या विषाने तोंडाला फेस येतो. तोंड खाली करून ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पाच-दहा मिनिटं पुसत राहा, फडकं दर वेळी धुवून, आणि पुसत पुसतच दवाखाना गाठा. पाणी घशात ओतू नका, फुप्फुसात जातं.

माजी_सचिव

लिफ्टपुरतं लिहितो. भारतीय पशू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना सोसायटीत छापून द्या. पाळीव कुत्रा ठेवायला बंदी किंवा लिफ्ट वापरायला मनाई सोसायटीला करता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तुमच्या बाजूने विष्ठा उचलणं, पट्टा लावूनच नेणं आणि लसीकरणाचं कार्ड तयार ठेवणं हे पाळा. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना लागतो, रेबीजची लस झाली की लगेच अर्ज करा. सचिवांना पिल्लू यायच्या आधीच दोन ओळींचं पत्र द्या आणि पोच घ्या. कानावर आधी गेलेलं असलं की निम्मे वाद होतच नाहीत.

तात्पुरतं_घर

शनिवारी सकाळी निघा, संध्याकाळी नको. नव्या घरात उजेडाचे आठ-नऊ तास मिळाले तर पहिली रात्र हलकी जाते. ताईंना सांगा की निघण्याआधी तीन तास काही खाऊ घालू नका, पाणी चालेल. रिक्षात पोटात खाणं असलं की उलटी ठरलेली.

प्लॅस्टिकची कपडे धुवायची खोल टोपली घ्या, तळाशी जुना टॉवेल, वर चादरीचा तुकडा, टोपली मांडीवर आणि रिक्षाच्या आतल्या बाजूला. सोबत दोन टॉवेल, कागद, पाण्याची बाटली. पट्टा घातलेला असू द्या, दोरी तुमच्या मनगटाला. रिक्षा थांबली आणि हॉर्न वाजला की पिल्लू एका उडीत बाहेर जातं. मुलीला न्या, पण टोपली मोठ्या माणसाच्या मांडीवर.

घरी आल्यावर दारातून सरळ गॅलरीत, त्या कोपऱ्यात गोणपाटावर किंवा कागदावर खाली ठेवा. एवढा प्रवास झाल्यावर पाच-दहा मिनिटांत शू होतेच. पनीर खिशात तयार ठेवा. त्यानंतर फक्त एक खोली दाखवा, बाकी दारं बंद. पाहुणे, शेजारची मुलं, मुलीच्या मैत्रिणी यांना पुढच्या रविवारची तारीख द्या. ती खाटेखाली जाऊन बसली तर ओढून काढू नका. खाटेजवळ जमिनीवर बसून तुमचं तुम्ही काहीतरी वाचत राहा, पाण्याचं भांडं हातभर अंतरावर ठेवा. पहिल्यांदा नाक बाहेर येतं, मग पुढचे दोन पाय. तेव्हाही हात पुढे करू नका, तिला येऊन वास घेऊ द्या.